पाय टेकतील अशी खुर्ची

मास्तरांनी जन्मात कुणाला 'नाही' म्हटलं नाही आणि त्याचा भुर्दंड त्यांच्या बायकोने भरला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ही हकिगत ऐकल्यावर लोक भुवया उंचावतात आणि म्हणतात, एका खुर्चीसाठी एवढं? हो, एका खुर्चीसाठीच एवढं. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी आधी आपल्या बुडाखालची खुर्ची कुणाला तरी देऊन टाकावी आणि मग उभ्याने पुढचं वाचावं.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना पितळी कण्यावर फिरणारा पृथ्वीचा गोल भेट दिला. तो त्यांच्या टेबलावर असे, आणि जगाचा मोठा नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर. जगात जिथे कुठे दुष्काळ पडे, पूर येई, लढाई पेटे, तिथे मास्तर तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढत. घरातली सगळी जेवणं त्या नकाशाखाली झाली. मुलगी लहान असताना दुधात आणखी साखर मागायची. मास्तर तिला कधी रागावले नाहीत, नुसते नकाशाकडे बघायचे. मुलगी मुकाट्याने साखरेचा डबा बंद करून ठेवायची.

माणूस ढोंगी नव्हता हो. ढोंगी असता तर सगळं किती सोपं झालं असतं. एकदा भर थंडीत स्वतःच्या पायातले बूट काढून कुणाला तरी देऊन आले आणि मोज्यांवर चालत घरी पोचले, तेही शीळ घालत. दूरदेशच्या भुकेल्यांसाठी त्यांनी मंडळ काढलं, गोदामात स्वतः पोती उचलली, पाठ धरली तरी उचलत राहिले. रस्त्याने जाताना माणसं त्यांना थांबून नमस्कार करत. फक्त एकच होतं, देताना आपलं आणि बायकोचं असा भेद त्यांना करता येत नसे. नवराबायको म्हणजे एकच जीव, असं ते अगदी मनापासून मानत, आणि द्यायची वेळ आली की त्या एका जीवातली बायकोची बाजू आधी हाताला लागे. तिचा लग्नातला लोकरी कोट असाच गेला. बहिणीने दिलेला रेडिओ गेला. मुलीची सायकल गेली, तीही मुलगी शाळेत असताना.

गादीची गोष्ट तर कहर होती, कारण बाई गाद्या भरणाऱ्याच होत्या. खुर्च्या आणि कोच बनवण्याच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. सुताराने सांगाडा करून दिला की त्यावर तागाचे पट्टे ताणायचे, स्प्रिंगा सुतळीने आवळायच्या, वर काथ्या आणि कापूस भरायचा, आणि शेवटी कापड चढवून कडेने बारीक खिळे ठोकायचे. खिळे ओठांत धरून एकेक काढत ठोकायची त्यांची पद्धत होती. अंगाने एवढ्याशा, नजर तीक्ष्ण, आणि तोंडात कायम खिळे, म्हणून मुकादमाने त्यांचं नाव टाचणी ठेवलं. पुढे मालकही त्यांना टाचणीबाई म्हणू लागला आणि खरं नाव पगारापुरतं उरलं. तर अशा या टाचणीबाईंच्या अंगाखालची गादी मास्तरांनी पूरग्रस्तांना पाठवली. जगाला मऊ बसवणारी बाई तो सगळा हिवाळा फळीवर झोपली. वर मास्तर म्हणाले, पाठीला चांगलं असतं.

कारखान्यात एक पद्धत होती. खुर्ची पूर्ण झाली की ज्याने ती भरली त्याने त्यात आधी बसायचं, मागे रेलायचं, स्प्रिंग कुठे टोचते का बघायचं, आणि मगच ती गिऱ्हाइकाकडे जायची. त्यामुळे टाचणीबाई दुसऱ्यांच्या किती खुर्च्यांत बसल्या असतील त्याला गणती नाही. वकिलांच्या खुर्च्या, हॉटेलांच्या खुर्च्या, एका न्यायाधीशाची सिंहासनासारखी खुर्ची. आणि एकाही खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला टेकले नाहीत.

तुम्हाला हसू येत असेल तर तुमचे पाय टेकतात, एवढाच त्याचा अर्थ. बुटक्या माणसाला खुर्चीत पाठ किंवा पाय यांतलं एकच मिळतं. कडेला बसलं तर पाय टेकतात पण पाठ अधांतरी राहते. मागे रेललं तर पाठीला आधार मिळतो, पण पाय लहान मुलासारखे लोंबकळतात आणि थोड्या वेळाने मुंग्या येतात. दवाखान्यात, शाळेच्या सभेत, मुलीच्या सासरी, सगळीकडे टाचणीबाई कडेलाच बसल्या. घरी बाक होता, तोही उंच. जगात बसायच्या जागा दुसऱ्या कुणासाठी तरी केलेल्या असतात, अशी त्यांची समजूत झाली होती, आणि ती काही अगदी चुकीची नव्हती.

कारखान्याची दुसरी पद्धत अशी की जो निवृत्त होईल त्याने स्वतःसाठी एक खुर्ची बनवायची. लाकूड, कापूस, कापड सगळं मालकाचं. टाचणीबाईंनी या खुर्चीची वाट कित्येक वर्षं पाहिली होती, घरी मात्र तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. का काढला नव्हता ते सांगायला नको. सुताराने त्यांना बाकावर उभं केलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत घेतलं आणि सांगाडा अगदी मापात कापला. कापड निवडायला त्या माळ्यावर गेल्या आणि जांभळी मखमल घेऊन खाली आल्या. ती कुठल्याशा नाटकगृहासाठी मागवली होती आणि नाटकगृहच बुडालं, म्हणून पडून होती. मालक म्हणाला, बाई, मळखाऊ रंग घ्या. त्या म्हणाल्या, मळू दे.

जेवणाच्या सुट्टीत त्या आपली खुर्ची भरायच्या. एके दुपारी कापड चढवायच्या आधी, नुसत्या तागावर त्या बसून बघायला गेल्या. मागे रेलल्या. पाठ टेकली. आणि पाय खाली सोडले तर जमीन तिथेच होती, तळव्याखाली, दोन्ही टाचांखाली. त्यांना इतका आनंद झाला की लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्या भोंगा होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

निरोपाच्या दिवशी खुर्चीचा शेवटचा खिळा सगळ्यांसमोर ठोकायचा असतो. मालकाने टेबल मांडलं, कामगार गोळा झाले, बायकोचा निरोप म्हणून मास्तरही आले आणि पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले. टाचणीबाई सवयीप्रमाणे ओठांत खिळे धरून वाकल्या होत्या. तेवढ्यात मालकाने मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितले, आणि मास्तर दोन शब्दांवर थांबणारे नव्हतेच. ते बायकोच्या कष्टांबद्दल बोलले, छान बोलले, स्वतःचे डोळेही पुसले. मग त्यांना भरूनच आलं आणि ते म्हणाले की ही सुंदर खुर्ची आम्ही दोघं मंडळाच्या लिलावाला देत आहोत, भुकेल्यांसाठी याहून मोठी भेट कोणती. मग बायकोकडे वळून त्यांनी प्रेमाने विचारलं, "काय गं, चालेल ना?"

टाचणीबाईंनी मान खाली घातली. कशाला घातली? तोंडातले खिळे तळहातावर टाकायला. त्याशिवाय बोलणार कशा? पण समोरच्या सगळ्यांना बाईंनी भरल्या मनाने होकार दिलेला दिसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी तोंडातला शेवटचा खिळा तळहातावर काढला तोवर मालकाने उत्साहात टेंपो बोलावला होता आणि चार जण खुर्ची उचलून दाराबाहेर निघालेही होते.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही न काढता सांगितलं, "ती खुर्ची मला हवी आहे."

मास्तर गोंधळले. तू मान हलवलीस, म्हणाले. मी खिळे काढत होते, त्या म्हणाल्या. मास्तरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी बायकोसाठी पाणी आणलं, शेजारी बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की आता जाहीर झालंय, माणसांनी टाळ्या वाजवल्यात, मागे घेतलं तर मंडळाची काय शोभा राहील. मग त्यांची नजर नकाशाकडे गेली. तिकडच्या किनाऱ्यावर, ते म्हणाले, या क्षणी माणसं झाडांच्या साली उकडून खात आहेत.

हे मास्तरांचं हुकमाचं पान होतं, आणि कधीही खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत. साली उकडून खाणाऱ्या माणसाच्या पुढ्यात जांभळी मखमल ठेवायची आणि म्हणायचं काय? टाचणीबाईंनी या प्रश्नाचं उत्तर जन्मभर शोधलं होतं. कोट गेला तेव्हा शोधलं, रेडिओ गेला तेव्हा शोधलं. उत्तर मिळालं नाही म्हणून वस्तू दिली, असंच दर वेळी झालं. त्या दिवशीही उत्तर मिळालं नाही. पण पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. उत्तर नसणं वेगळं आणि वस्तू देऊन टाकणं वेगळं. एकामागून दुसरं आलंच पाहिजे असा काही नियम नाही.

त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, आणि मास्तरांना वाटलं, समजली.

दोन दिवसांनी मुलगी आली. ती औषधांच्या दुकानात नोकरीला होती आणि वडिलांचा तिला फार अभिमान होता. तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा काळजीत आहेत, तू घुम्यासारखी का वागतेस, एक खुर्ची तर आहे, आणि त्यातून जांभळी. टाचणीबाई कांदे चिरत होत्या. सुरी न थांबवता त्यांनी विचारलं, "तुझी सायकल कुठल्या रंगाची होती गं?"

"हिरवी," मुलगी पटकन म्हणाली. "घंटीवर पाखराचं चित्र होतं."

ती उठली आणि उगाचच धुतलेले कप पुन्हा धुऊ लागली. टाचणीबाईंनीही विषय वाढवला नाही. कांद्याचं निमित्त दोघींनाही पुरलं.

मंडळाचा मेळावा शाळेच्या सभागृहात असे. लिलाव पुकारायला दर वर्षी दातांचे डॉक्टर उभे राहत. माणूस हसऱ्या स्वभावाचा, दाढ उपटतानाही विनोद करणारा. शिवाय दर वर्षी त्या दूरच्या मुलुखांतून जीव मुठीत धरून आलेलं कुणीतरी बोलावलं जाई, ते चार शब्दांत आभार मानी आणि लोकांचे हात खिशाकडे जात. या वर्षी एक बाई होती. नकाशावरच्या एका तांबड्या वर्तुळातून निघून ती इथवर पोचली होती आणि आता कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करत होती. तिला शिकवलेलं वाक्य तिने बोलून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि मग तिला बसायला सांगायचं राहूनच गेलं. ती मंचाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहिली.

घड्याळ विकलं गेलं. चिनी मातीचा संच विकला गेला. मग डॉक्टरांनी खुर्चीवरची चादर बाजूला केली आणि सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. जांभळी मखमल दिव्यांखाली अशी काही दिसत होती की मागच्या रांगेतल्या सुताराने ओळखीच्या माणसाला कोपर मारून दाखवलं. डॉक्टरांनी मास्तरांना वर बोलावलं, म्हणाले, दात्यांनी बसून दाखवावं. मास्तर संकोचत बसले आणि त्यांचे गुडघे सरळ हनुवटीपाशी आले.

लोक खो खो हसले. मास्तरही हसले, त्यांना स्वतःवर हसता येत असे. डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही, उंच माणसांनी ही भेट म्हणून द्यावी. मग बोली सुरू झाली, पण रडतखडत. बुटकी खुर्ची घेऊन करायचं काय, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. शेवटी लाकडाच्या व्यापाऱ्याची बायको हात वर करून म्हणाली, "मी घेते. आमच्या कुत्र्याला छान होईल. त्याला खिडकीतून बघत बसायला आवडतं."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. कुत्र्यावर तिचा जीव होता आणि भुकेल्यांसाठी ती चांगली घसघशीत रक्कम द्यायला तयार होती. सगळ्यांचं भलंच होत होतं. भुकेल्यांचं पोट भरणार, कुत्र्याला खिडकी मिळणार, मास्तरांना समाधान मिळणार. डॉक्टरांनी एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं.

टाचणीबाई उठल्या. मंचाच्या पायऱ्या त्यांना उंच पडत, म्हणून कठड्याला धरून चढल्या. कुणाकडे न बघता खुर्चीपाशी गेल्या, बसल्या, मागे रेलल्या. पाठ टेकली. पाय टेकले. दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या हातांवर ठेवले.

डॉक्टरांना वाटलं बाई प्रात्यक्षिक दाखवतायत. ते म्हणाले, बघा, बनवणाऱ्या स्वतः आल्या आहेत, आता तरी बोली वाढवा.

"ही विकायची नाही," टाचणीबाई म्हणाल्या.

मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, अगं ऊठ, माणसं बघतायत. त्या म्हणाल्या, बघू देत. मास्तरांनी त्यांच्याजवळ वाकून साली उकडून खाणाऱ्यांची आठवण करून दिली. माइक जवळच होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"मला माहीत आहे," टाचणीबाई म्हणाल्या. "तुमच्याइतकंच माहीत आहे. मी त्या नकाशाखाली जन्मभर जेवले. जगात माणसं उपाशी आहेत. आणि मला ही खुर्ची हवी आहे. दोन्ही खरं आहे. तुम्ही दर वेळी एक खरं दाखवून माझं दुसरं काढून घेता."

"पण हा स्वार्थ झाला गं," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, कळवळा होता, आणि तोच जास्त लागला.

"झाला. स्वार्थच आहे. मी कुठे नाही म्हणते?"

खाली कुणीतरी चुकचुकलं. टाचणीबाईंचे कान तापले. माणसांपुढे स्वार्थी ठरणं काय असतं ते ज्याला चांगलं म्हणवून घ्यायची सवय आहे त्यालाच कळतं, आणि मास्तरांची बायको म्हणून त्यांनाही ती सवय लागलेली होती. पाय टेकलेले नसते तर कदाचित उठल्याही असत्या. त्यांनी टाचा जमिनीवर घट्ट दाबल्या.

"द्यायचंच असेल तर तुमचं काहीतरी द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कोट माझा, रेडिओ माझा, सायकल पोरीची. तुमचं काय गेलं?"

मास्तर म्हणाले की माझं असं काही नाहीच, तुला ठाऊक आहे, बूटसुद्धा दिले. ते खरं होतं. लोकांनी माना डोलावल्या.

"तुमचा पृथ्वीचा गोल आहे," त्या म्हणाल्या.

आता मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी दिवा लावल्यावर ते त्या गोलाशी बसत, बोटाने हळूच फिरवत, कधी न पाहिलेल्या नद्यांची नावं पुटपुटत. कुणी हात लावला की फडक्याने पुसून घेत. पितळ चांगलं होतं, गोल विकला असता तर खुर्चीहून जास्त पैसे आले असते. इतक्या वर्षांत तो द्यावा असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तो मला लागतो गं," मास्तर म्हणाले.

अगदी लहान आवाजात म्हणाले, पण माइक होताच. आधी कुणाला कळेना हसावं की नाही. मग मास्तरांच्या मुलीला हसू फुटलं आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. टाचणीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी नजरा वळवल्या.

"मग ठेवा की," त्या म्हणाल्या. "मी कुठे मागते? तुम्हालाही काही हवंसं वाटतं, एवढंच बघायचं होतं मला. तुम्ही गोल ठेवा. मी खुर्ची ठेवते."

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण डॉक्टरांना हातातून निसटलेला लिलाव सावरायचा होता. त्यांना पिंपाशेजारची बाई दिसली. हिलाच विचारू या, ते म्हणाले, ज्यांनी भूक पाहिली त्यांनीच सांगावं, माणसाला आधी काय लागतं, भाकर की मखमल? आणि त्यांनी माइक तिच्यापुढे धरला. तिने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"आमच्या घरी आरसा होता," ती अडखळत म्हणाली. "आईचा. लाकडी चौकट, वर फुलं कोरलेली. गोळ्या सुरू झाल्या, पळा म्हणाले. नवऱ्याने पोर घेतलं. मला म्हणाला, पिठाची पिशवी घे." ती थांबली. "मी आरसा घेतला."

डॉक्टरांनी माइक आणखी जवळ धरला.

"वाटेत उपाशी राहिलो. नवरा अजून बोलतो त्यावरून. बरोबर बोलतो." तिने खांदे उडवले. "तरी आरसा आहे. खोलीत लावलाय. रोज बघते." मग माइक बाजूला सारून ती टाचणीबाईंना थेट म्हणाली, "मी बसून बघू?"

तोवर कुणाच्या सांगण्याने न उठलेल्या टाचणीबाई लगेच उठल्या. ती बाईही उंचीने बेताचीच. ती बसली, मागे रेलली आणि तिने खाली पाहिलं. तिचे पाय टेकत होते. दिवसभर इस्त्रीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय होते ते, सुजलेले. तिने डोळे मिटले आणि मिटूनच राहिली.

आता काय होणार ते सभागृहाने मनातल्या मनात ठरवून टाकलं. डॉक्टरांचे हात टाळीसाठी वर आलेच. मास्तर तर बायकोकडे अशा अभिमानाने बघत होते की जणू तिने देऊनच टाकली. एवढा मोठा मोका देवानेसुद्धा कुणाला दिला नसेल. आत्ता 'घे बाई, तुला दिली' म्हटलं की सगळा स्वार्थ धुऊन निघाला असता, आणि उद्यापासून माणसांनी टाचणीबाईंनाही रस्त्यात थांबून नमस्कार केला असता.

टाचणीबाईंना ते सगळं दिसत होतं. त्या बाईचे सुजलेले पायही दिसत होते.

"दमलीयेस तोवर बस," त्या म्हणाल्या. "घाई नाही. पण खुर्ची माझी आहे. मी घरी नेणार आहे. तुला बसावंसं वाटलं की घरी ये, दार उघडं आहे. देणार मात्र नाही."

डॉक्टरांचे हात तसेच वर राहिले. खाली नापसंतीची कुजबुज उठली. त्या बाईने डोळे उघडले आणि ती हसली. संध्याकाळभरात पहिल्यांदाच, तोंडभरून.

"मीसुद्धा दिली नसती," ती म्हणाली.

खुर्ची त्याच संध्याकाळी घरी आली. टेंपो मिळाला नाही. एका बाजूने सुताराने धरली, दुसऱ्या बाजूने मास्तरांनी, आणि मास्तरांची पाठ धरली की सगळे थांबायचे आणि टाचणीबाई भर रस्त्यात खुर्चीत बसून घ्यायच्या. तिसऱ्यांदा थांबल्यावर मास्तर म्हणाले, तुझं वजन असतं तेव्हाच हिला शोभा येते, आणि मग स्वतःच लाजले. घरी त्यांनी खुर्ची स्वयंपाकघरात, नकाशाच्या बरोबर खाली ठेवली. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ठेवली की कसं, ते त्यांनाच ठाऊक. नंतर कधीतरी एक हिरवी सायकलही दारात आली, जुनीच पण चालणारी. ती मुलीने स्वतःच्या पगारातून घेतली आणि कुणाला विचारलं नाही.

गावात नावं ठेवायची ती ठेवलीच. मंडळाच्या काही बायकांनी टाचणीबाईंशी बोलणं सोडलं. इस्त्रीवाली बाई मात्र सुट्टीच्या दिवशी यायची. दोघी आळीपाळीने बसायच्या, एक खुर्चीत आणि एक कडेला बाकावर, आणि बाकावर जायची पाळी आली की दोघीही कुरकुरायच्या.

त्या वर्षी मंडळाने पाठवलेली मदत कमी पडली. खुर्चीचे पैसे आले असते तर एवढी कमी पडली नसती, हेही खरं. मास्तरांनी ते बोलून दाखवलं नाही, फक्त नकाशावर एक नवं वर्तुळ काढलं. टाचणीबाईंनी ते पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. रात्रीच्या जेवणाआधी कितीतरी वेळ वाईट वाटत राहिलं. पण ते वाईट वाटून घ्यायलाही त्या उठल्या नाहीत. खुर्चीतच बसल्या, मागे रेलून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून.